गल्लीच्या तोंडाची शिट्टी

अण्णांच्या कानाचा कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. ऑडिओग्राम म्हणतात त्याला. आडवं बघत गेलं की आवाजाची पट्टी चढत जाते, उभं बघितलं की तो आवाज किती मोठा केल्यावर माणसाला ऐकू आला ते कळतं. अण्णांची रेघ डावीकडून बरी चालते. दोन हजार हर्ट्झपर्यंत वयाच्या मानानं ठीकच म्हणायची. चार हजाराशी येते आणि विहिरीत पाय घसरल्यासारखी खाली जाते. तपासणाऱ्या मुलीनं कागद बघितला आणि अण्णांना न विचारता मला विचारलं, "हे मागावर होते का?"

सोलापुरात हा प्रश्न सुचायला फार शिकलेलं असावं लागत नाही. धोट्याचे माग चालतात त्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. सततच्या दणक्यानं कानातल्या शंखात पहिल्यांदा मरतात त्या चार हजार हर्ट्झच्या जवळपासचे सूर टिपणाऱ्या पेशी. मग बाकीच्या, सावकाश. ज्याचं जातं त्याला काही गेलंय असं वाटत नाही, समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. अण्णा दहा-बारा वर्षं आम्हाला हेच सुनावत होते, "तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता." अडतीस वर्षं जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे, होते ते, पूर्व भागातल्या चार कारखान्यांत. भोवती सगळं सूतच सूत, पण कानात घालायला बोळा कुठल्या मालकानं दिला नाही आणि अण्णांनीही कधी मागितला नाही. बोळा घातला तर माग ऐकू कसा येणार, असं त्यांचं म्हणणं. जॉबरला माग ऐकू यावाच लागतो.

लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे. शेडच्या दारात पाऊल टाकलं की आवाज कानाच्या आधी छातीत शिरायचा. आत कुणी बोलत नसे. म्हणजे सगळे बोलत असत, पण ओठांनी आणि हातांनी. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्ही भाषांतले ओठ वाचता येणारी माणसं होती ती. एक बोट आडवं फिरवलं की कांडी संपली, मनगट झटकलं की ताणा तुटला. आणि लांबच्या माणसाला बोलवायचं तर शिट्टी. पुस्तकात शीळ म्हणतात, आमच्याकडं शिट्टीच. चाळीस मागांच्या खडखडाटातसुद्धा ती सुईसारखी आरपार जायची. तेव्हा नवल वाटायचं. आता कळतं की मागाचा आवाज सगळ्या पट्ट्यांवर फेकलेल्या भुशासारखा पसरलेला असतो आणि शिट्टीचा सगळा जोर एका बारीक रेघेत एकवटलेला, म्हणून ती वेगळी उठते.

प्रत्येकाची शिट्टी वेगळी होती. अण्णांची खालून वर चढायची, मधे एक गिरकी घ्यायची आणि शेवटी झपकन उतरायची. रात्रपाळी करून सकाळी परतताना गल्लीच्या तोंडाशी ती एकदाच वाजायची. आई चुलीवर चहाचं पातेलं ठेवायची. त्या शिट्टीचा अर्थ काय, असं कुणी विचारलं असतं तर आम्हाला सांगता आला नसता. अण्णा आले, इतकंच.

डॉल्फिन आमच्या घरात शिरले ते दोन वर्षांपूर्वीच्या कोकण सहलीतून. समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पलीकडं, त्यामुळं सोलापूरकर समुद्राकडं जातो ते लग्नाला निघाल्यासारखा. सहा माणसं, चार पिशव्या, शेंगाचटणी, कडक भाकरी. दापोलीकडं हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर सकाळी डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सुटतात, त्यातल्या एकीत बसलो. बऱ्याच वेळानं होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. राखाडी पाठ, तिच्यावर उंचवटा, त्या उंचवट्यावर छोटा पंख. हंपबॅक डॉल्फिन, म्हणजे पाठीवर वशिंड असल्यासारखा दिसणारा, कोकणच्या किनाऱ्यालगत राहणारा. एक फुसकारा आला. होडीतली सगळी जनता किंचाळली, मोबाइल वर गेले.

अण्णांनी मात्र होडीच्या काठावर जबडा टेकवला आणि डोळे मिटले.

पोरं हसायला लागली. मला हसू आलं नाही, कारण हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मागाचं बेअरिंग खराब झालंय का हे बघायला जॉबर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला लावतो आणि मूठ कानामागच्या हाडाला. भोवतीचा गोंगाट बाजूला राहतो आणि लोखंडातला आवाज हाडातून आत येतो. "काय ऐकू आलं?" मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. "इंजिन," अण्णा म्हणाले. "आपलं नाही. त्या दुसऱ्या होडीचं."

परत आल्यावर मी वाचायला लागले. मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश, कूलरची घरघर, आणि मी डॉल्फिनच्या जबड्याबद्दल वाचतेय. डॉल्फिनला बाहेरचा कान जवळपास नाहीच, टाचणीच्या टोकाएवढं भोक उरलंय. तो ऐकतो खालच्या जबड्यातून. जबड्याच्या मागच्या भागात हाड पापुद्र्यासारखं पातळ असतं आणि आत एक खास चरबी भरलेली असते. ती आवाजाला सरळ आतल्या कानापर्यंत वाट काढून देते. केनेथ नॉरिस या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1960च्या दशकात हे मांडलं. त्याआधी त्यानंच कॅथी नावाच्या डॉल्फिनच्या डोळ्यांवर रबरी वाट्या बसवून दाखवलं होतं की काही न दिसतासुद्धा ती अडथळ्यांमधून बिनचूक पोहते. टिकटिक आवाज सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी जबड्यानं टिपायचा. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. ही तर जॉबरकीतली पहिली शिकवण, असा त्यांचा चेहरा.

ही टिकटिक वेगळी आणि शिट्टी वेगळी. टिकटिक पाहण्यासाठी. बॉटलनोज या डॉल्फिनच्या जातीत ती एक लाख हर्ट्झच्याही वर जाते, माणसाचा कान वीस हजारांशी थांबतो. शिट्ट्या बऱ्याचशा आपल्या कानाच्या टप्प्यात येतात आणि त्या एकमेकांसाठी असतात. दोन्ही निघतात नाकातून. डॉल्फिनला आपल्यासारखे स्वरतंतू नाहीत. डोक्यावरच्या श्वासाच्या भोकाखाली नाकाच्या वाटेत ओठांसारख्या घड्या असतात, त्यांतून हवा ढकलली की आवाज होतो. तोंड बंदच राहतं.

आणि इथंच शास्त्रज्ञांची पंचाईत झाली. पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडला की कळपाचा आवाज मिळतो, पण शिट्टी घातली कुणी? तोंड कुणाचंच हलत नाही. आवाज कुठून आला हे कानानं ओळखावं तर पाण्यात तो सेकंदाला दीड हजार मीटर धावतो, हवेच्या चौपटीहून जास्त. आपल्या दोन कानांत पोहोचण्यातला फरक इतका कमी होतो की मेंदूला दिशाच लागत नाही. बुडालेल्या माणसाला आवाज सगळीकडून आल्यासारखा वाटतो. मला हे वाचताना शेड आठवली. डबा घेऊन दारात उभी असायचे, शिट्टी यायची, आणि चाळीस मागांतून कोण बोलावतंय ते कळायचं नाही. फक्त अण्णांची कळायची, कारण ती ठाऊक होती.

मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या जोडप्यानं 1965 साली 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. माणसांनी पाळलेल्या डॉल्फिनचे एकेकट्याचे आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केले होते, त्यामुळं कोण बोलतंय हा प्रश्नच नव्हता. त्यांना दिसलं की प्रत्येक डॉल्फिन आपली एक ठरावीक वळणाची शिट्टी पुन्हा पुन्हा घालतो आणि दुसऱ्याची तशी नसते. सिग्नेचर व्हिसल, सहीची शिट्टी. पण एकटा पाडलेला प्राणी असं करतो म्हणून कळपातही करतो का? 1980च्या दशकात पीटर टायॅक या संशोधकानं एक युक्ती काढली. डॉल्फिनच्या डोक्यावर रबरी वाटीनं चिकटणारं यंत्र, आवाज निघाला की त्यावरचे छोटे दिवे लागतात. ज्याच्या डोक्यावर दिवे जास्त लागले तो बोलला! सगळ्या शोधांत मला हा सगळ्यात जास्त आवडतो. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिळणाऱ्या लुकलुकत्या शिंगांसारखा.

रानातल्या, म्हणजे मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनवर सगळ्यात लांब चाललेलं काम फ्लोरिडातल्या सारासोटाच्या खाडीतलं. 1970 पासून. तिथल्या डॉल्फिनना उथळ पाण्यात जाळ्यानं थोडा वेळ धरतात, तब्येत तपासतात, तेवढ्यात कपाळावर रबरी वाटीतला हायड्रोफोन चिकटवून आवाज घेतात, सोडून देतात. अशा जवळजवळ तीनशे डॉल्फिनच्या शिट्ट्या आता तिथं नोंदलेल्या आहेत, आजीपासून नातवंडापर्यंत. पिल्लू पहिल्या वर्षभरात भोवतीचं ऐकून स्वतःची शिट्टी घडवतं, आणि ती बहुधा जन्मभर टिकते.

मग शंका अशी की वळण ओळखतात की आवाज? फोनवर आई नुसतं "हं" म्हणाली तरी आपण ओळखतो, शब्द लागत नाही. तर 2006 साली विन्सेंट जॅनिक, लैला सायग आणि रँडल वेल्स या संशोधकांनी सारासोटातच कॉम्प्युटरवर शिट्ट्या तयार केल्या. वळण तेच, पण त्या डॉल्फिनच्या गळ्याची (नाकाची म्हणायला हवं) काहीच खूण त्यात नाही. त्या पाण्यात वाजवल्यावर डॉल्फिन आपल्या नात्यातल्याच्या शिट्टीकडं जास्त वेळा वळले. आवाज काढून घेतला तरी नाव उरलं. पुढं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर 2013 साली आणखी एक गोष्ट दिसली. एखाद्याला त्याच्याच शिट्टीची नक्कल ऐकवली की तो उत्तर देतो, इतरांची ऐकवली तर तसं करत नाही. हाक मारल्यावर ओ द्यावी तसं. त्याच वर्षी असंही प्रसिद्ध झालं की वीस वर्षांपूर्वी एकत्र राहिलेल्या सोबतिणीची शिट्टी एका डॉल्फिन मादीनं ओळखली. मधे दोघींची भेट नव्हती.

हे सगळं मी अण्णांना तुकड्या-तुकड्यानं सांगत असे, एका वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून. कानाचं यंत्र घेतलंय, पण ते कपाटात. त्यातून भांडी जास्त ऐकू येतात आणि माणसं कमी, अशी तक्रार. एके दिवशी म्हटलं, त्यांना ऐकवावंच. संशोधकांनी लोकांसाठी खुली ठेवलेली एक ध्वनिफीत उतरवून घेतली, लॅपटॉप त्यांच्या कानाशी नेला. शिट्टी बारा-पंधरा हजार हर्ट्झला जाऊन परत येत होती. अण्णा वाट बघत बसले. संपली तरी वाट बघत होते. चार हजारांपुढची विहीर मी विसरले होते, ती तिथंच होती.

मला इतकं वाईट वाटलं की काहीतरी करायचं म्हणून मी तीच फीत एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र करून उघडली. स्पेक्ट्रोग्राम. आडवा काळ, उभी पट्टी, आवाज असेल तिथं ठिपके उजळतात. अण्णांनी चष्मा लावला.

"हे तर ग्राफ आहे."

जेकार्डची चादर ज्यांनी विणताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. मोर, कमळ, जे काही चादरीवर उमटायचं ते आधी चौकटींच्या कागदावर भरतात, एकेक घर एकेक धागा. त्याला ग्राफ म्हणतात. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, भोक असेल तिथं धागा उचलला जातो. नक्षी बिघडली की जॉबर ग्राफ उघडून बसतो आणि चूक शोधतो. अण्णांनी अडतीस वर्षं हेच केलं होतं.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा कमान घेतो, मग दोन लाटा, मग खाली. बरोबर? इथं परत तेच. इथं पण. हे त्याचं रिपीट." मग दुसरीकडं. "ही नक्षी निराळी. हे दुसऱ्या कुणाचं तरी." थोडा वेळ गप्प राहिले. "आणि हा पहिला घाई नाही करत. एकदा घालतो, थांबतो, परत घालतो."

मी जागची हलले नाही. कारण सहीची शिट्टी मोकळ्या समुद्रात ओळखायची जी पद्धत जॅनिक आणि मंडळींनी 2013 साली मांडली, ती जवळपास हेच सांगते. एकाच वळणाची शिट्टी एक ते दहा सेकंदांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा आली, तर ती सही असण्याची शक्यता दांडगी. आणि 1999 सालचं आणखी एक काम मला माहीत होतं. शिट्ट्यांची वळणं जुळवायचं काम कॉम्प्युटरच्या तेव्हाच्या पद्धतींपेक्षा माणसाच्या डोळ्यांनी चांगलं केलं होतं. कुणी बोलावलं असतं तर अण्णा त्यात बसले असते, फक्त चहा वेळेवर लागला असता.

त्यानंतर उन्हाळाभर आम्ही ग्राफ बघत बसलो. मी वाचायची, अण्णा बघायचे. सिंधुदुर्गच्या पाण्यातसुद्धा कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या मंडळींनी हायड्रोफोन सोडून आपल्या हंपबॅक डॉल्फिनच्या शिट्ट्या गोळा केल्यात, 2018 साली त्यांची वर्णनं प्रसिद्ध झाली, हे सांगितल्यावर अण्णांना फार बरं वाटलं. आपलेही बोलतात म्हणजे. आमच्या भीमेत नाहीत, गंगेत आहेत. 2021 ते 2023 मध्ये देशातल्या नद्या पालथ्या घालून केलेल्या मोजणीत नदीतले 6,327 डॉल्फिन निघाले. गढूळ पाण्यात डोळा कामाचा नाही म्हणून तो जवळपास आंधळाच झालाय, आणि टिकटिकीवरच जगतो. "माझ्या उलट," अण्णा म्हणाले.

आईला यातलं एकच आवडलं. सारासोटातल्या एकोणीस आयांच्या शिट्ट्या तपासल्या, तर पिल्लू जवळ असताना तीच शिट्टी त्या जास्त वरच्या पट्टीपर्यंत नेतात, हे 2023 सालचं. माझी आई नातवाशी बोलताना जो आवाज काढते तो घरातल्या कुत्र्यालाही सहन होत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग? त्यात शोधायचं काय होतं?"

डॉल्फिनची भाषा उलगडली, अशा बातम्या अधूनमधून येतात, त्यांवर माझा विश्वास नाही. 2025 साली गूगलनं बहामाजमधल्या वाइल्ड डॉल्फिन प्रोजेक्टच्या अनेक वर्षांच्या ध्वनिफितींवर शिकवलेलं एक एआय मॉडेल जाहीर केलं, लगेच व्हॉट्सॲपवर 'आता डॉल्फिनशी गप्पा' सुरू. मला त्यापेक्षा सारासोटावाल्यांचं संथ काम पटतं. त्यांना आता अशा काही शिट्ट्या दिसू लागल्यात ज्या कुणा एकाच्या सही नाहीत, अनेक डॉल्फिन सारख्याच वापरतात. अर्थ काय, यावर ते जपून बोलतात. पन्नास वर्षं एकाच खाडीत बसलेल्यांनी जपून बोलावं आणि आपण मथळे द्यावेत, हे काही बरोबर नाही.

मला सोडत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. गोंगाटाची. अमेरिकेत मेरीलँडच्या समुद्रात जहाजांचा आवाज वाढला की डॉल्फिनच्या शिट्ट्यांची पट्टी वर चढते आणि वळणं साधी होतात. गिरक्या गळून पडतात, 2018 सालचं निरीक्षण. 2023 साली तर डेल्टा आणि रीस नावाच्या दोन पाळीव डॉल्फिनना एक काम दिलं. दोघांनी आपापलं बटण एका सेकंदाच्या आत बरोबर दाबायचं. पाण्यात आवाज सोडत गेले तसे दोघं जोरात आणि जास्त लांबवून शिट्ट्या घालायला लागले, एकमेकांकडं तोंड करून वळायला लागले, एकमेकांच्या बाजूला पोहत जायला लागले. तरीही काम जमण्याचं प्रमाण शंभरात पंच्याऐंशीवरून साडेबासष्टवर आलं. मी हे वाचलं तेव्हा अण्णांना लिहून दाखवलंच नाही. ओरडून बोलणं, लांबवून बोलणं, समोर येऊन तोंडाकडं बघणं. आमच्या घरात गेली बारा वर्षं हेच चाललंय, आणि तरीही चारातलं एक वाक्य चुकतं.

परवा रविवारी संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. मी फोनवर तसलंच चित्र काढणारं एक ॲप घेतलंय. अण्णांना म्हटलं, म्हणजे लिहिलं, 'तुमची शिट्टी काढा. बघू ग्राफ कसा येतो.'

आधी नको म्हणाले. किती वर्षं झाली, आता येते कुठं. मग ओठ ओले केले, रस्त्याकडं बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि वाजवली. खालून वर, गिरकी, झपकन खाली.

आतून आईचा आवाज आला, "टाकते हं." पाठोपाठ लायटरची कटकट.

अण्णांना त्यातलं काहीच पोहोचलं नाही. ते फोनवर वाकले होते. पडद्यावर पिवळी रेघ उमटली होती, चढलेली, वळलेली, उतरताना मधे तुटलेली. त्या फटीवर त्यांनी नख ठेवलं.

"इथं धागा तुटलाय," ते म्हणाले. "खालचा दात गेला ना, तिथून हवा निघते. परत घे."